रकान्यात न मावलेले वडील

दुधाच्या कंपनीत मी बावीस वर्षं काढली, पण गाईच्या जवळ फारसा कधी गेलो नाही. माझ्याकडे मयतं यायची.

गावी सुट्टीवर आलो की देवगडच्या बाजारात कोणीतरी हटकून विचारायचं, "सौदीत काय करतोस रे, तेल काढतोस?" मी म्हणायचो, "लोकांना घरी पाठवतो." त्यावर समोरचा जरा मागे सरायचा. त्याला वाटायचं, मी माणसांना नोकरीवरून काढतो. तसं नव्हतं. हाइल शहराच्या बाहेर, गव्हाच्या गोल गोल शेतांच्याही पलीकडे आमचा डेअरी फार्म होता आणि मी तिथला रजेचा कारकून होतो. हजारो गाई, शेकडो माणसं आणि त्या सगळ्या माणसांच्या रजा माझ्या एका टेबलावर.

बाहेरच्या माणसाला हे काम क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडं सांगतो. सौदीत तेव्हा माणूस आपल्या मनानं घरी जाऊ शकत नव्हता. आता फोनवरून बरंच काही होतं म्हणतात. आमच्या वेळी ज्याच्या नावावर आपण आलो तो कफील, म्हणजे आमच्या बाबतीत कंपनी, हो म्हणेल तेव्हाच परतीचा व्हिसा निघायचा आणि व्हिसा निघाल्याशिवाय खिशात इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, असून उपयोग नसायचा. वार्षिक रजा आधीपासून ठरलेली. मधेच घरी कोणी वारलं तर दहा दिवसांची तातडीची रजा, तीही आई, वडील, बायको आणि मुलं एवढ्यांसाठीच. भाऊ, आजी, काका, मामा यांनी मरायचं ते वार्षिक रजा बघून.

घरून निरोप आला की माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. मी अर्ज भरून घ्यायचो, नातं विचारायचो, मयताचं नाव लिहायचो आणि कागद साहेबांकडे न्यायचो. साहेब म्हणजे अबू फहाद. त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण थोरल्या मुलाचं नाव फहाद म्हणून सगळी कंपनी त्यांना फहादचा बाप याच नावानं हाक मारायची. ते वाचत काही नसत. माझ्याकडे बघत आणि विचारत, "दत्ता, खरं?" मी मान डोलावली की सही. या मान डोलावण्याचा मला फार अभिमान होता.

खोटं मयत ओळखायची माझी एक रीत होती. खोटं सांगणारा तारीख, वेळ, आजाराचं नाव सगळं पाठ करून येतो. ज्याचं खरंच गेलेलं असतं त्याला आज वार कुठला तेही सांगता येत नाही. तरी एकदा फसलो. साताऱ्याकडच्या एका वेल्डरनं वडील गेले म्हणून रजा घेतली आणि परत आला तो माझ्यासाठी लोणच्याची बरणी घेऊन. बरणीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती, ती सोडायची राहून गेली. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "दत्ताराम साहेबांस देणे. बरणी उलटी धरू नये, तेल गळते. तुझा बाप."

मी चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. लोणचं चांगलं होतं. मी कुणाला काही बोललो नाही.

हे मुद्दाम सांगितलं, कारण आता जे सांगायचं आहे त्यात मी अगदी नियमानं वागलो.

वासरांच्या विभागात गेर्सन नावाचा एक माणूस होता. नामिबियाचा, हेरेरो लोकांतला. ओकाकारारा नावाच्या गावाजवळ त्यांची गुरं होती. उंच, संथ, डोक्यावर कायम हॅट. अडलेली गाय सोडवायला डॉक्टरच्या आधी त्याला बोलावत. आमच्याकडे गाईची ओळख म्हणजे कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा आकडा. गेर्सन बिल्ला कधी बघायचाच नाही. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या प्रत्येक ठेवणीला त्याच्या भाषेत वेगळं नाव होतं म्हणे आणि तो गाईंना त्याच नावांनी ओळखायचा. खोलीत त्याच्या आईचा फोटो होता. पायघोळ झगा आणि डोक्याला कापडाची दोन शिंगं असावीत अशी बांधणी. मी विचारलं तर म्हणाला, "आमच्या बायका गाईचा मान डोक्यावर घेऊन फिरतात." मला तो आवडायचा. तो दर शुक्रवारी मुलांना फोन करायचा. मुलं शहरातल्या इंग्रजी शाळेत होती आणि हा इथून त्यांना एकेक नातं घोकून घ्यायचा. या माणसाला काय म्हणायचं, त्या बाईला काय म्हणायचं. मुलगा इंग्रजीत 'अंकल' म्हणाला की हा फोनवर गप्प बसायचा. मुलगा बरोबर शब्द सांगेपर्यंत बोलायचाच नाही.

त्याचे वडील वारले तेव्हा मी अर्ज भरला, अबू फहादनी सही केली, दहा दिवस जाऊन तो परत आला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तो पुन्हा माझ्या टेबलासमोर उभा राहिला. हॅट हातात.

"दत्ता, माझे वडील गेले."

मी फाइल उघडली. बोट ठेवून दाखवलं. "कुठले वडील? तुझे वडील गेल्या वर्षी गेले. माणूस दोनदा मरत नाही."

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. ते हसावेत म्हणूनच मी बोललो होतो, हे कबूल करतो.

गेर्सन हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "मोठे. गेल्या वर्षी गेले त्यांचे थोरले भाऊ."

"मग ते काका झाले."

"तुमच्यात असतील. आमच्यात वडिलांचे भाऊ सगळे वडीलच. त्यांची मुलं माझे भाऊ. आईच्या बहिणी सगळ्या आया. आईच्या भावाला निराळं नाव, वडिलांच्या बहिणीला निराळं नाव. पण वडिलांच्या भावाला निराळं नाव आमच्या भाषेत नाहीच. मी फॉर्ममध्ये दुसरं काय लिहू?"

मग त्यानं सांगितलं की या थोरल्या वडिलांनीच त्याला गुरांत नेलं, माणसात आणलं. घरापुढे त्यांच्याकडे पूर्वजांचा विस्तव असतो. घरातला कर्ता माणूस तो राखतो. ते गेल्यावर तो विस्तव गेर्सनकडे यायचा होता. मातीच्या वेळी त्यानं तिथे उभं राहणं जरूर होतं. "मी नसलो तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल," तो म्हणाला. "जागा रिकामी ठेवता येत नाही."

हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आपल्याकडे माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते उगाच नाही. आणि मी तर स्वतः थोरल्या चुलत्यांच्या मांडीवर वाढलो. मी तीन वर्षांचा असताना माझे वडील समुद्रात होडीसकट गेले. त्यानंतर पाटी, दप्तर, नोकरीचा अर्ज, पासपोर्टसाठी कुडाळपर्यंतच्या खेपा, सगळं चुलत्यांनी केलं. त्यांना मी आबा म्हणायचो. बाजारात कोणी विचारलं तर आबा स्वतःचा मुलगा विनायक शेजारी उभा असला तरी आधी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हो माझो थोरलो झील." काका हा शब्द आमच्या घरात आबांसाठी कुणी वापरला नाही.

असा मी. कळायला हवं होतं ते मलाच. मी कागद घेऊन अबू फहादकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "दत्ता, खरं?" मी मान डोलावली नाही. म्हणालो, "मयत खरं आहे, पण नातं जुळत नाही." त्यांनी विचारलं, "बाप की चुलता?" अरबीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही मला येत होते. मी चुलता म्हणालो.

एवढं एकच बोललो. अबू फहादनी कागद परत दिला. "खलास, मग रजा नाही." अर्जावर नात्याच्या पुढे मी इंग्रजीत अंकल लिहिलं आणि मयताच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ मारली, कारण नामंजूर अर्जावर नाव लागत नाही. गेर्सननं हॅट डोक्यावर घातली आणि तो वासरांकडे परत गेला. त्या दिवशी दोन गाई अडल्या होत्या, दोन्ही त्यानं सोडवल्या.

मला वाटलं, मी काटेकोर वागलो. आज लाख वेळा म्हणेन की बाप म्हणालो असतो तर कुणाचं काय जाणार होतं. पण त्या वेळी एका माणसाला दोन बाप देऊन ठेवले तर उद्या रांग लागेल, हाच विचार मोठा वाटला. बापाला जिवंतपणी मारणाऱ्याला मी लोणच्यावर सोडलं आणि खरं सांगणाऱ्याला नियम दाखवला.

दोनच महिन्यांनी सुदानचा एक ड्रायव्हर आला. आई गेली म्हणाला. फाइलमध्ये त्याची आई जिवंत. विचारल्यावर म्हणाला, ही दुसरी, लहानपणी हिनं मला अंगावर पाजलं. मी कागद घेऊन आत गेलो आणि म्हणालो, "साहेब, ही त्याची आई नव्हे, शेजारीण."

अबू फहादनी पहिल्यांदाच चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तिनं पाजलं होतं ना?"

"म्हणतो तसं."

"मग आईच. यल्ला, तिकीट काढ." सही करून वर मलाच समजावलं, "दत्ता, नातं रक्तानं होतं तसं दुधानंही होतं. हे आम्हाला लहानपणापासून शिकवतात."

मी बाहेर आलो आणि बराच वेळ पंचिंग मशीन कागद न घालताच दाबत बसलो. ज्या माणसाला दुधाचं नातं कळत होतं त्याला विस्तवाचं नातंही कळलं असतं. मी नीट सांगितलं असतं तर. माझ्यावर विसंबून त्यांनी नाही म्हटलं होतं. तेव्हाच गेर्सनचा कागद पुन्हा आत न्यायला हवा होता. निदान चूक तरी नोंदली गेली असती. नेला नाही. साहेब म्हणाले असते, हे दोन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंस, आणि माझ्या मान डोलावण्याची किंमत गेली असती.

उलट मी काय केलं, तर पुन्हा असा घोळ होऊ नये म्हणून एक तक्ता तयार केला. कौटुंबिक तक्ता. प्रत्येक माणसानं एकदाच भरायचा. वडील एक, आई एक, दूधआई असल्यास तिच्यासाठी एक ओळ, बायको, मुलं. एकदा भरला की बदल नाही, मयताच्या वेळी नाव तक्त्याशी जुळलं पाहिजे. थोरल्या वडिलांसाठी ओळ नव्हती. अबू फहादनी तक्ता बघून "मुमताज", म्हणजे उत्तम, म्हणून शाबासकी दिली. नमुना म्हणून मी माझाच तक्ता सुवाच्य अक्षरात भरला आणि काचेच्या फलकात लावला. वडील: गोविंद. पुढे: मयत.

सगळ्यांनी तक्ते भरले. गेर्सननं वडिलांची ओळ कोरी ठेवली. "जागा कमी आहे," म्हणाला. मी पासपोर्टच्या फाइलमधून त्याच्या वडिलांचं नाव शोधून तिथे भरून टाकलं.

पुढच्या वर्षी ईदच्या सुट्टीत दम्मामला विनायककडे गेलो. तो तिथल्या एका कंपनीत कामाला होता, बायको-मुलगा बरोबर होते. मुलगा भारतीय शाळेत जायचा. दारात मला बघून आत ओरडला, "पप्पा, अंकल आए हैं!" मला राग आला. मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, "अंकल नाही रे, मी तुझा काका. मोठे काका म्हण." त्यानं मान हलवली आणि जेवायला बसल्यावर पुन्हा, "अंकल, चपाती?" विनायक म्हणाला, "अरे, त्याच्या शाळेत सगळेच अंकल. वॉचमनपण अंकल."  तोच शब्द मीही एका अर्जावर लिहिला होता.

तक्ता लावून तीन वर्षं झाली. अबू फहाद निवृत्त होऊन गेले, त्यांच्या जागी एक तरुण अधिकारी आला, नम्र आणि संगणकाचा पक्का. एका सोमवारी सकाळी कामावर असताना विनायकचा फोन आला. आबा गेले. तो स्वतः विमानतळाकडे निघाला होता. मागोमाग गावाहून फोन. आबांच्या बायकोला मी आये म्हणतो. ती रडत नव्हती. फक्त विचारलं, "येतलंस मा?" मी म्हटलं, येतो. ती म्हणाली, "दोगव झील होये. आबांनी सांगान ठेवलेला."

दोघेही मुलगे हवेत, आबा सांगून गेलेत. मी तडक नव्या साहेबांकडे गेलो. वार्षिक रजा मार्चमध्येच संपली होती. मी त्याला सगळं सांगितलं. वडील लहानपणी गेले, यांनी वाढवलं, मी यांचा मोठा मुलगा. तो मन लावून ऐकत होता. मग त्यानं पडद्यावर माझं नाव उघडलं.

"मिस्टर दत्ता, इथे वडील मयत दिसतात."

"हो. ते वेगळे. हे मोठे."

"म्हणजे चुलते?"

इतकी वर्षं ज्याला दुसऱ्याचं नातं लिहून द्यायची सवय, त्याला स्वतःचं नातं सांगता येईना. मी म्हणालो, "आमच्या घरात चुलते म्हणत नाहीत." हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. कुठे ते बोलता बोलताच आठवलं.

त्यानं अगदी हळू आवाजात म्हटलं, "मला खरंच वाईट वाटतं. पण हा नियम तुमचाच आहे ना? बाहेर फलकातही तुमचाच तक्ता आहे. मी तुमच्यासाठी मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?" तो मला टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. या तक्त्यावर बोट ठेवून मी तीन वर्षांत कितीजणांना परत पाठवलं होतं, ते चेहरे एकेक करून आठवायला लागले. मी पाणी पिऊन टेबलावर येऊन बसलो.

दहाव्याला विनायक एकटा होता. आयेला मी फोनवर सांगितलं, रजा मिळत नाही. तिनं विचारलं, "कित्याक?" मी म्हटलं, कंपनीत आबा माझे काका लागतात. तिला काय कळलं असेल कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "बरा," आणि फोन विनायकच्या हातात दिला.

कॅम्पमध्ये बातमी फिरली होती. लोक चांगले होते, भेटायला आले. "मिस्टर दत्ता, अंकलबद्दल ऐकलं, सॉरी." "अंकल का सुना, बहुत अफसोस हुआ." कॉफी करून कुणी दिली, कुणी खजूर आणले. प्रत्येकजण बरोबर तेवढंच दुःख व्यक्त करत होता जेवढं काकाचं करतात. पाच मिनिटं बसून कामाचं बोलायला लागत. त्यांची चूक नव्हती. कचेरीतून शब्दच तसा बाहेर गेला होता.

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर दार वाजलं. गेर्सन होता. इस्त्रीचा शर्ट, हॅट हातात. त्या अर्जानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. तो आला, मी खुर्ची दिली ती त्यानं बाजूला सरकवली आणि माझ्यासमोर चटईवर बसला. हॅट त्यानं शेजारी ठेवली.   मग त्यानं विचारलं,

"दत्ता, कुठले वडील?"

हेच मी त्याला विचारलं होतं, चारचौघांत, लोकांनी हसावं म्हणून. त्यानं ते साधं विचारलं. त्याच्या गावी कुणाचं कोणी गेलं की पहिल्यांदा हेच विचारत असणार.

"मोठे," मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. "मग तुझं घर गेलं," म्हणाला. सबंध कॅम्पमध्ये हे मला दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं आणि तेव्हा मला रडू आलं. तो थांबवायला गेला नाही, बसून राहिला.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "तुझ्या त्या विस्तवाचं काय झालं?"

"धाकट्या भावाला दिला. तो तिथे होता ना. पण तो शहरात कामाला असतो. गेल्या रजेत गेलो तेव्हा जागा स्वच्छ झाडलेली होती. विस्तव नव्हता."

"मी चुलता म्हणालो होतो," मी म्हटलं. "साहेबांनी विचारलं होतं. मी बाप म्हणालो असतो तर तू गेला असतास."

"मला माहीत आहे," गेर्सन म्हणाला. "साहेबांचं दार उघडं होतं."

तीन वर्षं तो हे जाणून होता आणि तरी आज चटईवर येऊन बसला होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही तसं विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यानं आबांचं नाव विचारलं. मी सांगितलं, सदाशिव. त्याला ते नीट म्हणता येईना, म्हणून त्यानं दोनतीनदा म्हणून बघितलं, बरोबर येईपर्यंत. मग ते काय करायचे, गुरं होती का, मला कुठे कुठे नेलं, सगळं विचारलं. मी सांगत गेलो.

सांगून झाल्यावर मी त्याला त्याच्या मोठ्या वडिलांचं नाव विचारलं. अर्जावर त्यासाठी एक रकाना होता. तिथे तीन वर्षांपूर्वी मी आडवी रेघ मारली होती.